पडदा ओढावा लागू नये म्हणून : उष्ण कटिबंधातील कार्यालयांचे बदलते बाह्यावरण

मुंबई, पुणे, हैदराबाद किंवा चेन्नई यांसारख्या उष्ण कटिबंधातील शहरांत काचेने मढवलेल्या कार्यालयांमध्ये भर दुपारी सर्रास आढळणारी स्थिती अशी असते की, बाहेर एक लाख लक्सच्या घरात उजेड असताना आतले पडदे तळापर्यंत ओढलेले असतात, छतातील सगळे दिवे लागलेले असतात आणि काचेतून आत शिरलेली उष्णता बाहेर टाकण्यासाठी वातानुकूलन यंत्रणा अखंड राबत असते. लक्स हे एखाद्या पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे माप असून लिहिण्यावाचण्याच्या टेबलाला ३०० ते ५०० लक्स पुरतात; म्हणजे बाहेरच्या उजेडाचा दोनशेवा हिस्सा जरी टेबलावर नीट पोचला, तरी दिव्याची गरज उरू नये. तरीही दिवा लागतो, कारण पडदा ओढलेला असतो, आणि पडदा ओढला जातो तो डोळे दिपल्यामुळे. खिडक्यांच्या पडद्यांचा माणसे कसा वापर करतात याचा अभ्यास १९७० च्या दशकापासून होत आला असून, एकदा ओढलेला पडदा त्रास संपल्यावर लगेच उघडला जात नाही, तो दिवसचे दिवस तसाच राहतो, असे त्यातून वारंवार दिसले आहे. अर्ध्या तासाच्या उन्हासाठी ओढलेला पडदा अशा रीतीने आठवडाभराचा उजेड घालवतो. म्हणून कार्यालय नव्याने बांधणाऱ्याने, भाड्याने घेणाऱ्याने किंवा जुने सुधारणाऱ्याने काचेचा रंग आणि किंमत यांच्या आधी हे तपासावे की कोणत्या खिडकीपाशी, कोणत्या महिन्यात आणि किती वाजता माणसाचा हात पडद्याच्या दोरीकडे जाणार आहे.

या प्रश्नाला वास्तुशास्त्राने दिलेले एक उत्तर म्हणजे बदलते बाह्यावरण. इमारतीची बाहेरची भिंत, तिच्यातील काच आणि काचेपुढे असलेली सावलीची योजना या सगळ्यांना मिळून बाह्यावरण म्हणता येईल. आणि त्यातील एखादा भाग ऊन, पाऊस, वारा यांच्या मानाने उघडतो, मिटतो, फिरतो किंवा रंग बदलतो, तेव्हा ते बदलते ठरते. ही कल्पना नवी नाही. बांबूची चिक सकाळी वर गुंडाळणे आणि ऊन आल्यावर खाली सोडणे, विदर्भात उन्हाळ्यापुरत्या वाळ्याच्या ताट्या बांधून त्यांवर पाणी शिंपडणे, फटींच्या लाकडी झडपा तिरप्या करणे, ही सारी बदलत्या बाह्यावरणाचीच रूपे होत. आधुनिक वास्तुकलेत याचे अत्यंत अभ्यसनीय उदाहरण भारतातच आहे. पुदुच्चेरी येथील श्रीअरविंद आश्रमाच्या ‘गोलकोंड’ या निवासगृहाचा आराखडा अँटोनिन रेमंड यांनी केला, त्याच्या बांधकामावर जॉर्ज नाकाशिमा यांनी काम केले, आणि १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झालेली ही काँक्रीटची इमारत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पुरी झाली. तिच्या उत्तर व दक्षिण बाजूंना भिंतीऐवजी हाताने फिरवता येणाऱ्या आडव्या पट्ट्या आहेत, ज्या मिटल्या की पाऊस थांबतो आणि उघडल्या की वारा व मवाळ उजेड आत येतो. येथे ना मोटार आहे, ना संवेदक. मात्र इमारत लांबट, अरुंद आणि पूर्व-पश्चिम पसरलेली असल्याने त्या पट्ट्यांना फार अवघड काम करावे लागत नाही, आणि हाच तिचा महत्त्वाचा धडा आहे. इमारतीची दिशा आणि खोली आधी नीट ठरवली, तर हलणाऱ्या भागांवरचा भार बराच हलका होतो. ती चुकली, तर कितीही महागडी यंत्रणा ती चूक पुरती भरून काढू शकत नाही.

दिशेचा विचार करताना परदेशी पाठ्यपुस्तकांतील नियम जसेच्या तसे उचलणे धोक्याचे असते. मुंबई १९ उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या बऱ्यापैकी दक्षिणेस. त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत येथील मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि २१ जूनच्या सुमारास तो पश्चिम बिंदूच्या सुमारे २५ अंश उत्तरेला मावळतो. उत्तरेच्या खिडकीला ऊन लागतच नाही, हे विधान लंडन वा पॅरिसमधील कार्यालयीन वेळांपुरते चालण्यासारखे असले, तरी महाराष्ट्रात एप्रिल-मे महिन्यांतील सायंकाळी ते खरे ठरत नाही. येथे उत्तरेच्या काचेलाही थोड्या उभ्या पात्यांची, म्हणजे सावली धरणाऱ्या पट्ट्यांची, गरज असते. दक्षिणेची बाजू त्या मानाने सोपी आहे. २१ मार्च आणि २३ सप्टेंबर या दिवशी मुंबईतील मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ७१ अंशांवर असतो, म्हणून अर्ध्या मीटरचा साधा छज्जा जवळजवळ दीड मीटर उंचीच्या काचेवर सावली धरतो. डिसेंबरात मात्र सूर्य साडेसत्तेचाळीस अंशांपर्यंत खाली येतो आणि तोच छज्जा जेमतेम अर्धा मीटर काच झाकतो. घरात हिवाळ्याचे ते ऊन हवेसे वाटते. कार्यालयात ते थेट संगणकाच्या पडद्यावर येते. म्हणून दक्षिणेला स्थिर छज्जा कायम ठेवून त्याखाली नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढ्यापुरती खाली सोडता येईल अशी झिरझिरीत बाह्य चिक किंवा कापडी छाया दिली की काम भागते.

खरा कस लागतो तो पश्चिमेला, आणि याला कार्यालयाच्या वेळांचेही एक कारण आहे. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून ठरवली जाते, तर मुंबई ७३ अंशांच्या अलीकडे आहे. परिणामी येथील सूर्य घड्याळापेक्षा सुमारे ३९ मिनिटे मागे चालतो. सकाळी दहाला सुरू होऊन संध्याकाळी साडेसहाला सुटणाऱ्या कार्यालयाच्या वाट्याला तरीही सकाळचे ऊन कमी आणि उतरते ऊन जास्त येते. एप्रिलच्या मध्यास सायंकाळी पावणेसहाच्या आसपास सूर्य क्षितिजापासून सुमारे १७ अंशांवर आणि जवळजवळ समोर असतो. अशा वेळी एक मीटर पुढे आलेला छज्जा फक्त ३० सेंटिमीटर काच झाकतो, म्हणजे संपूर्ण काच झाकण्यासाठी छज्जा खोलीएवढा लांब करावा लागेल. चार्ल्स कोरिया यांनी मुंबईतील कांचनजंगा या १९८३ साली पुऱ्या झालेल्या निवासी इमारतीत ही अडचण नेमकी ओळखली होती : समुद्राचा वारा आणि दृश्य पश्चिमेकडे, पण दुपारचे ऊन आणि पावसाची झडही पश्चिमेकडूनच. त्यांनी जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्याचा आधार घेऊन कोपऱ्यांत दोन मजली उंचीच्या खोल बागा काढल्या. कार्यालयाला प्रत्येक मजल्यावर एवढी जागा सोडणे बहुधा परवडत नाही, म्हणून तेथे त्या खोलपणाचे काम पात्यांकडून करून घ्यावे लागते.

पात्यांचे गणित कठीण नाही आणि ते बांधकाम करून घेणाऱ्यानेही समजून घेतलेले बरे, म्हणजे नुसत्या चित्रावर भाळून निर्णय होत नाही. आडव्या पात्यांची रुंदी आणि दोन पात्यांमधील अंतर समान असेल, तर सपाट धरलेली पाती समोरून येणारे ४५ अंशांच्या वरचे ऊन पुरते अडवतात; तीच पाती बाहेरच्या कडेने ४५ अंश खाली कलवली की साडेबावीस अंशांच्या वरचे ऊन अडते, आणि ६० अंश कलवली की १५ अंशांच्या वरचे. म्हणजेच दुपारी दोनला पाती सपाट असली तरी चालतात आणि बाहेरचे दृश्य मोकळे राहते, तर साडेपाचला ती बऱ्यापैकी मिटावी लागतात. स्थिर पाती बसवणाऱ्याला या दोनपैकी एकच स्थिती निवडता येते. संध्याकाळची निवडली तर दिवसभर कार्यालय अंधारते, दुपारची निवडली तर संध्याकाळी पडदे ओढले जातात. हलणाऱ्या पात्यांचे समर्थन याच ठिकाणी सर्वांत भक्कम आहे. उभ्या पात्यांच्या बाबतीत त्याहूनही सोपा मार्ग निघतो. उतरता सूर्य उन्हाळी अर्धवर्षात पश्चिमेच्या उत्तरेला आणि हिवाळी अर्धवर्षात दक्षिणेला असल्याने, बिजागरीवर फिरणारी उभी पाती वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबरच्या अखेरीस, हाताने फिरवून पक्की केली तरी मावळत्या उन्हाचा मोठा भाग अडतो आणि दुसऱ्या तिरप्या दिशेने बाहेर पाहताही येते. अहमदाबादच्या गिरणीमालक संघाच्या कार्यालयात ल कॉर्बुझिए यांनी १९५४ साली पश्चिमेकडील काँक्रीटची पाती तिरपी आणि पूर्वेकडील पाती सरळ ठेवली; ती हलत नाहीत, परंतु दोन बाजूंना दोन वेगळी उत्तरे हवीत, हे तत्त्व त्यातून स्पष्ट होते. आजही अनेक काचेच्या मनोऱ्यांना चारही बाजूंनी एकच आवरण दिले जाते, आणि तेथे पैशाचा मोठा अपव्यय होतो.

सावली काचेच्या बाहेर असावी की आत, या प्रश्नावर मात्र तडजोड करू नये. काचेतून पार झालेले ऊन आतल्या पडद्यावर पडून त्याची उष्णता झाली की ती खोलीतच अडकते, कारण काच लांब तरंगलहरींची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. बाहेरच्या पात्यावर पडलेल्या उन्हाची उष्णता वारा घेऊन जातो. काचेतून एकूण किती सौर उष्णता आत येते याचे माप म्हणजे सौर उष्णता-प्रवेश गुणांक, जो साध्या पारदर्शक काचेसाठी ०.८ च्या आसपास असतो. तो खाली आणण्यासाठी गडद काच लावण्याचा सोपा उपाय केला जातो, परंतु गडद काच वर्षभर, पावसाळी दुपारीही, तेवढीच गडद राहते.

पावसाळा हा विषय अधिक थांबून पाहण्यासारखा आहे, कारण छाया-योजनांची बहुतेक चित्रे निरभ्र आकाश धरून काढलेली असतात, तर कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर हे चार महिने आकाश मुख्यतः ढगाळ असते. पूर्ण ढगाळ आकाशाचे वैशिष्ट्य असे की त्याचा माथ्यावरचा भाग क्षितिजालगतच्या भागापेक्षा सुमारे तिप्पट तेजस्वी असतो. उन्हाळ्यासाठी काढलेला खोल छज्जा नेमका हाच तेजस्वी भाग झाकतो, आणि वर गडद काच असेल तर जुलैतील सकाळी अकरालाही दिवे लावावे लागतात. म्हणून उष्ण-दमट प्रदेशात बदलत्या बाह्यावरणाला दोन कामे असतात : ऊन असताना मिटणे आणि ढग असताना खरोखर बाजूला होणे. जी पाती मिटू शकतात पण गोळा होऊन वर जाऊ शकत नाहीत, ती पावसाळ्यात सपाट स्थितीतही थोडा उजेड खातात; त्यामुळे त्यांचे वरचे पृष्ठभाग पांढरे वा फिकट ठेवावेत, म्हणजे माथ्यावरचा उजेड त्यांवरून परावर्तित होऊन छताकडे जातो. याच तत्त्वावर खिडकीचे दोन भाग करणेही फार उपयोगी ठरते. डोळ्यांच्या उंचीचा खालचा भाग बाहेर पाहण्यासाठी आणि सुमारे दोन मीटरच्या वरचा भाग उजेड आत खोलवर नेण्यासाठी राखावा, दोहोंच्या मध्ये उजेडाची फळी, म्हणजे वरून चकाकणारी आडवी फळी, बसवावी, आणि दोन्ही भागांच्या छाया स्वतंत्रपणे हलवता येतील असे करावे. खालचा पडदा ओढला तरी वरून उजेड येत राहतो. साध्या खिडकीतून उपयुक्त उजेड तिच्या वरच्या कडेच्या उंचीच्या दोन ते अडीच पट अंतरापर्यंतच पोचतो, हे लक्षात घेता खोटे छत खिडकीच्या माथ्याखाली आणणे ही कार्यालयांत हमखास होणारी चूक टाळावी.

कार्यालयातील उजेडाचे सुख मोजायचे कसे, याविषयी आता बरीच स्पष्टता आली आहे. केंद्रीय ऊर्जा दक्षता ब्यूरोची २००७ साली आलेली आणि २०१७ साली सुधारलेली ऊर्जा संवर्धन इमारत संहिता ‘उपयुक्त नैसर्गिक उजेड’ ही कल्पना वापरते. टेबलाच्या पातळीवर १०० लक्सहून कमी उजेड निरुपयोगी, २,००० लक्सहून अधिक उजेड त्रासदायक आणि मधला उपयुक्त मानला जातो. आणि कार्यालयाच्या किमान ४० टक्के क्षेत्रावर, दिवसाउजेडाच्या ९० टक्के वेळेत, तो या मर्यादेत राहावा अशी २०१७ च्या संहितेची अपेक्षा आहे. वरची मर्यादा असणे हाच या मापाचा मोठा गुण आहे, कारण जुनी मापे उजेड जेवढा जास्त तेवढा चांगला असे गृहीत धरत. तथापि टेबलावरचा उजेड मोजून डोळ्यांचा त्रास पुरता कळत नाही. झगझगाट हा डोळ्याला एकाच वेळी दिसणाऱ्या उजळ आणि मंद भागांतील तफावतीतून निर्माण होतो. संगणकाचा पडदा दर चौरस मीटरला साधारण ३०० कँडेला एवढा तेजस्वी असतो, तर त्यामागे दिसणारे धुरकट पांढरे आकाश त्याच्या दहापट आणि त्याहूनही अधिक तेजस्वी असू शकते. यासाठी वीनॉल्ड आणि क्रिस्टोफरसन यांनी २००६ साली मांडलेला झगझगाटाच्या संभाव्यतेचा निर्देशांक वापरतात, जो ०.३५ च्या खाली असेल तर त्रास सहसा जाणवत नाही आणि ०.४५ च्या वर गेला तर तो असह्य मानला जातो. सल्लागाराकडून अहवाल मागवताना या दोन्ही मापांचे वर्षभराचे, तासागणिक आकडे मागावेत. २१ मार्चच्या दुपारी बाराचे एकच सुंदर चित्र स्वीकारू नये.

आता मोटारींविषयी. अबू धाबी येथील अल बहर मनोरे हे २०१२ साली पुरे झालेले कार्यालयीन जोडमनोरे या क्षेत्रात सर्वाधिक उल्लेखिले जातात. अरबी घरांच्या लाकडी जाळीदार खिडकीवरून, म्हणजे मश्रबियावरून, सुचलेल्या त्रिकोणी छत्र्या प्रत्येक मनोऱ्याच्या काचेपुढे हजाराहून अधिक संख्येने बसवल्या असून सूर्याच्या मार्गानुसार त्या उघडतात व मिटतात. हे शहर कर्कवृत्ताच्या किंचित उत्तरेला, वाळवंटी आणि जवळजवळ पाऊसविरहित हवामानाचे आहे, हे विसरून त्याची नक्कल मुंबईत करणे योग्य नाही. दुसरीकडे पॅरिसमधील अरब जगत संस्थेच्या १९८७ च्या इमारतीत झाँ नुव्हेल यांनी दक्षिण बाजूला कॅमेऱ्याच्या पडद्यासारख्या उघडझाप करणाऱ्या २४० चौकटी बसवल्या, आणि त्यांतील पुष्कळशा यंत्रणा पुढे दीर्घकाळ बंद पडून राहिल्या. कल्पना तेजस्वी होती. सुट्या भागांची संख्या आणि त्यांची नाजूकता तिला जड गेली. यावरून असा निष्कर्ष काढणे रास्त ठरते की हलणाऱ्या भागांची संख्या थोडी, आकार सारखे आणि मोटार बिघडल्यास हाताने फिरवण्याची सोय असावी, आणि बिघडलेले पाते कोणत्या स्थितीत राहील, हे आराखड्यातच ठरलेले असावे. पश्चिमेला ते अर्धे मिटलेल्या स्थितीत राहणे सर्वांत कमी त्रासाचे.

स्वयंचलित नियंत्रणाची बुद्धी कितपत असावी, याबाबत संयम हिताचा आहे. ढगाच्या प्रत्येक तुकड्यासरशी हलणारी पाती लोकांना उन्हापेक्षाही अधिक त्रास देतात. म्हणून ऊन आल्यावर पाती लवकर मिटावीत, परंतु ऊन गेल्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबूनच उघडावीत, आणि खिडकीजवळ बसणाऱ्याला ती स्वतः बदलण्याचे बटण असावे. मात्र त्याने केलेला बदल काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी आपोआप रद्द व्हावा, अन्यथा ओढलेल्या पडद्याचीच पुनरावृत्ती होते. छतातील दिवे उजेडानुसार मंद होणारे नसतील, तर या साऱ्या खटाटोपातून दिव्यांच्या विजेची बचत होणार नाही, ही साधी गोष्ट अनेकदा निसटते. विजेच्या दाबाने रंग बदलणारी काच हा वाऱ्याच्या भीतीने बाहेर पाती लावता न येणाऱ्या उंच मजल्यांसाठी एक पर्याय आहे, पण तिचा रंग बदलण्यास कित्येक मिनिटे लागतात, आणि ती कितीही गडद झाली तरी थेट समोर आलेले सूर्यबिंब डोळ्यांना सोसवेल इतके मंद होत नाही.

किनारपट्टीवर साहित्याची निवड आराखड्याइतकीच निर्णायक असते. खाऱ्या हवेत साधे पोलाद तर टिकत नाहीच, पण स्वस्त दर्जाचे गंजरोधक पोलादही डागाळते. बिजागऱ्या व स्क्रूंसाठी ३१६ दर्जाचे गंजरोधक पोलाद आणि पात्यांसाठी ॲनोडाइज केलेले ॲल्युमिनियम वापरावे, व दोन वेगळ्या धातूंच्या मध्ये प्लॅस्टिकची चकती घालावी, कारण ओलाव्यात त्यांच्या संपर्कातून झीज होते. वाऱ्याचा भार भारतीय मानकानुसार मुंबईसाठी सेकंदाला ४४ मीटर या मूळ वेगावरून काढला जातो, म्हणून बाह्य पात्यांना वाऱ्याचा मापक जोडून ठरावीक वेगापलीकडे ती सुरक्षित स्थितीत जातील असे करावे. काच आणि पाती यांच्यामध्ये माणूस उभा राहून धुऊ शकेल एवढी, म्हणजे किमान ६० सेंटिमीटरची, जाळीची वाट ठेवावी. ती नसेल तर धूळ आणि कबुतरांची घरटी यांनी दोन वर्षांत यंत्रणा अडते. ही पोकळी मजल्यामजल्याला आगरोधक पट्टीने तोडलेली असावी, नाहीतर आगीच्या वेळी ती धुराची चिमणी होते, आणि अग्निशमन दलासाठी उघडणाऱ्या खिडक्यांच्या पुढे स्थिर पाती कदापि येऊ देऊ नयेत.

ज्यांचे कार्यालय आधीच काचेचे आहे आणि बाहेर काही लावण्याची परवानगी नाही, त्यांनीही हातपाय गाळण्याचे कारण नाही. टेबले खिडकीला काटकोनात फिरवली, म्हणजे खिडकी डोळ्यांसमोर किंवा पाठीमागे न राहता बाजूला राहील अशी मांडली, की झगझगाटाच्या बहुतांश तक्रारी मिटतात. पडदे वरून खाली येणारे असण्याऐवजी खालून वर जाणारे घेतले, तर समोरचे आकाश झाकूनही माथ्याचा उजेड येत राहतो. छत पांढरे ठेवावे, उंच कपाटे खिडकीपासून दूर आतल्या भिंतीला लावावीत, आणि पश्चिमेच्या पट्ट्यात कायमची टेबले न मांडता जिने, बैठकीच्या खोल्या, उपाहाराची जागा आणावी. साध्या लक्समापकाने मे, जुलै, ऑक्टोबर आणि डिसेंबर या चार महिन्यांत सकाळी दहा, दुपारी एक आणि सायंकाळी साडेपाच वाजता प्रत्येक टेबलावरचे आकडे घेऊन, त्या क्षणी कोणत्या खिडकीचा पडदा ओढलेला होता, हेही शेजारी लिहावे. हलणारी यंत्रणा बसवलेली असेल, तर तिचा पहिला वर्षभराचा काळ जुळवणीचा मानून तेवढ्या मुदतीचे देखभालीचे काम मूळ करारातच घालावे, आणि वार्षिक तपासणीची तारीख मेच्या तिसऱ्या आठवड्यात ठेवावी, म्हणजे पहिला पाऊस येण्यापूर्वी बिजागऱ्यांना वंगण लागलेले असेल आणि ढगाळ दिवसांसाठी पाती मोकळी होतील.